१७ सप्टेंबरची घोड्यावरची प्रभातफेरी : पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

आषाढीपासून कार्तिकीपर्यंत आपल्याकडे लग्नं लागत नाहीत. त्यामुळे मराठवाड्यातली वरातीची घोडी हे चार महिने दावणीला उभी असतात. मुक्तिसंग्राम दिन नेमका याच काळात येतो. त्या दिवशी घोडं सहज मिळतं ते यामुळे, आणि नवख्या माणसाची फसगत होते तीही यामुळेच. अडीच महिने उभं राहून अंगात रग साठलेलं जनावर एका पहाटे एकदम बाहेर काढायचं, त्यावर कधीच घोड्यावर न बसलेला माणूस बसवायचा आणि पुढे हलगी लावायची, असं मी पाहिलेलं आहे. त्या दिवशी कुणाचा हात मोडला नाही हे नशीबच.

आम्ही अंबाजोगाईच्या आसपासची पंधरा-वीस माणसं दरवर्षी घोड्यावरून प्रभातफेरी काढतो. गावाबाहेरच्या एका शेतातून निघायचं, दोन-तीन गावं घ्यायची, एका जिल्हा परिषद शाळेत झेंडावंदनाला थांबायचं आणि ऊन चढायच्या आत परत यायचं. अंतर बारा ते पंधरा किलोमीटर. दरवर्षी चार-पाच नवी माणसं येतात. त्यांना जे तोंडी सांगतो तेच इथे नीट लिहून काढलं आहे. तुमच्या भागात अशी फेरी निघत असेल किंवा तुम्ही काढणार असाल, तर उपयोगी पडेल.

आधी दिवस समजून घ्या

देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला तेव्हा मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पुढचे तेरा महिने इथल्या माणसांनी काय सोसलं ते प्रत्येक गावात कुणा ना कुणाच्या आजीने सांगितलेलं आहे. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा चालू होता, सरहद्दीवर कार्यकर्त्यांची शिबिरं होती, आणि निजामाच्या बाजूचे सशस्त्र रझाकार गावात कधी येतील याचा नेम नव्हता. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज सोलापूरकडून नळदुर्गमार्गे आत शिरली आणि १७ तारखेला निजामाने हार मानली. म्हणून आपला झेंडा वर्षातून एकदा जास्त फडकतो.

घोड्याचा या दिवसाशी काय संबंध, असं नवी माणसं विचारतात. अंबाजोगाईपुरतं सांगतो. निजामाच्या राज्यात या गावाचं नाव मोमिनाबाद होतं आणि इथे घोडदळाची छावणी होती. घोड्याच्या टापा म्हणजे सत्तेची चाहूल, अशी ओळख असलेलं हे गाव. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतून स्वामीजी याच गावात आले आणि इथल्या योगेश्वरी शाळेत त्यांनी काम केलं. त्या रस्त्यांवरून शेतकऱ्याची, घोडेवाल्याची, मास्तरांची पोरं तिरंग्यासोबत घोड्यावरून जातात, तेव्हा मला तरी दर वर्षी भरून येतं. जालन्याकडच्या मंडळींना दगडाबाई शेळके माहीत असतात. बदनापूर तालुक्यातल्या धोपटेश्वरच्या. लोक त्यांना मराठवाड्याची झाशीची राणी म्हणतात. आमच्या फेरीत मुली येतात त्यांना मी हे नाव आवर्जून सांगतो.

रस्ता ठरवताना जवळचं एखादं हुतात्मा स्मारक मध्ये येईल असं बघा. बिलोली तालुक्यात अर्जापूरला गोविंदराव पानसरे यांचं स्मारक आहे. वसमतकडच्या लोकांना वापटीचे बहिर्जी शिंदे आहेत. उमरीला स्वातंत्र्यसैनिकांनी बँकेवर केलेल्या स्वारीची आठवण आहे. तुमच्या तालुक्यातही एखादा स्तंभ असेल, बहुतेक बसस्टँडजवळ नाहीतर ग्रामपंचायतीसमोर, वर्षभर कुणी न वाचलेला. तिथे खाली उतरायचं, लगाम दुसऱ्याच्या हातात द्यायचा आणि एकाने सगळी नावं मोठ्याने वाचायची. एवढंच करायचं. भाषण नको.

आणि एक. घोषणा देशाच्या आणि मराठवाड्याच्या द्या, कुठल्या समाजाच्या विरोधात एकही नको. रझाकारांविरुद्ध लिहिणाऱ्या शोएबुल्ला खान या तरुण संपादकाला ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत मारलं गेलं. लढा कुणाचा होता हे त्या नावावरून कळावं. आमच्या सगळ्या घोड्यांना नाल मारणारे चाचा १७ तारखेला पहाटे साडेचारला हातोडी आणि खिळ्यांची पिशवी घेऊन हजर असतात. त्यांना ऐकताना खाली बघावं लागेल अशी घोषणा आमच्या फेरीत कधी झाली नाही.

ऑगस्टमध्येच सुरुवात करा

स्वातंत्र्यदिनाचं झेंडावंदन झालं की दुसऱ्या दिवसापासून लागा. महिना हातात आहे, तो पुरतो.

घोडं पाहायला जाल तेव्हा त्याच्या रंगावर जाऊ नका. पंचकल्याण असो की नुकरा, तुम्हाला हवं आहे ते शांत आणि पायाने धड जनावर. मालकाला विचारायचा पहिला प्रश्न: नाचरी घोडी आहे का? वरातीत नाचवायला शिकवलेल्या घोडीला हलगीचा ठेका ऐकू आला की ती जागेवर पाय उचलायला लागते. तिचा काही गुन्हा नाही, तिला तेच शिकवलं आहे. पण पाठीवर नवखा माणूस असेल आणि पुढच्या गावात कुणी स्वागताला वाजंत्री लावली असेल, तर तो पडणार. नाचरी घोडी जाणत्याला द्या.

मग पाठ बघा. खोगीर काढायला लावून कण्याच्या दोन्ही बाजूंनी तळहात दाबत न्या. घोडं अंग चोरत असेल, कातडी थरथरत असेल किंवा केस उडालेला पांढरा डाग ताजा असेल तर पाठ लागलेली आहे. असं घोडं कितीही गरीब असलं तरी घेऊ नका. त्यानंतर त्याला मुरमाच्या रस्त्यावर चालवून बघा. चालताना मान एका पायावर वर-खाली होत असेल तर ते लंगडतं आहे.

वजनाचा हिशोब कुणी करत नाही, म्हणून तो मी सगळ्यांसमोर करतो. माणूस आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंत असावं. साडेतीनशे किलोच्या घोड्यावर सत्तर किलो, त्यात खोगीराचेच सात-आठ जातात. भीमथडीचं तट्टू याहून लहान असतं. काटक असतं, धनगरांचे बिऱ्हाडाचे डाग वाहत मैलोन्‌मैल चालतं, पण म्हणून त्याच्यावर ऐंशी किलोचा माणूस बसवायचा नाही. वजन जास्त असेल तर मोकळेपणाने सांगा. आमच्यात दोघं-तिघं दरवर्षी घोड्याशेजारी पायी चालतात, लगाम धरून. ओढ्यावर आणि उतारावर त्यांचाच जास्त उपयोग होतो.

घोडं ठरलं की मालकाशी बोलून रोजची रपेट लावा. पहिल्या आठवड्यात अर्धा तास, नुसती चाल. दुसऱ्यात पाऊण तास. तिसऱ्यात थोडी दुडकी, म्हणजे हळू पळ. चौथ्या आठवड्यात एकदा तरी फेरीएवढं पूर्ण अंतर. याने घोड्याची रग उतरते, पायाला सवय होते आणि त्याला तुमचा आवाज कळतो. पावसाळ्यात खूर मऊ पडलेले असतात आणि नालेचे खिळे सैल होतात, म्हणून फेरीच्या आठ-दहा दिवस आधी नालबंदाला दाखवा. आदल्या दिवशी नवी नाल मारू नका. एखादा खिळा चुकून आत लागला तर ते दोन दिवसांनी कळतं.

याच महिन्यात तुम्हीही तयार व्हा. उठाबशा काढा. घोड्यावर बसायला मांड्या लागतात, हात नाही, हे पहिल्या दिवशी जिना उतरताना कळतं. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं नसेल तर घ्या. लिदीत आणि मातीत त्याचे जंतू असतात, आणि बारीक खरचटणं तर होणारच.

खोगीर, तंग, मांड

पहिल्यांदा येणाऱ्याने खोगीर स्वतः चढवू नये, पण चढवताना शेजारी उभं राहून पाहावं. खोगीराखालची घोंगडी किंवा नमदा पाठीवर थोडा पुढे टाकून मागे सरकवतात, म्हणजे केस सरळ बसतात. घोंगडीला एक सुरकुती राहिली तरी दोन तासांत तिथे फोड येतो. हात घालून बघा. मी अजूनही बघतो.

तंगाची गोष्ट जरा नीट सांगतो, कारण बहुतेक माणसं इथेच पडतात. पोटाखालून जाणारा हा पट्टा आवळताना घोडं श्वास भरून पोट फुगवतं. तुम्हाला वाटतं, तंग बसला. चार पावलं गेलं की ते श्वास सोडतं आणि खोगीर हलायला लागतं. तुम्ही रिकिबीत, म्हणजे पाय ठेवायच्या कडीत, पाय घालून सगळं वजन एका बाजूला टाकता आणि खोगीरासकट पोटाखाली येता. म्हणून तंग तीनदा आवळायचा. एकदा खोगीर चढवताना, एकदा दहा-पंधरा पावलं चालवून, आणि एकदा निघाल्यावर दहा मिनिटांनी सगळ्यांनी थांबून. तंगाखाली दोन बोटं सपाट जावीत, तिसरं जाऊ नये. आमचे घोडेवाले मामा निघायच्या आधी प्रत्येक घोड्याच्या पोटाशी वाकून दोन बोटं घालून बघतात. कुणी घाई केली की म्हणतात, “मालक, घोडं काय म्हणायलंय ते बघा आधी, मग तुमचं सांगा.”

घोड्याजवळ जाताना खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जा. घोड्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त अगदी नाकासमोरचं आणि बरोबर शेपटीमागचं दिसत नाही. मागून गुपचूप गेलात तर ते लाथ झाडणार. डाव्या बाजूने चढा. चढताना आयाळ धरली तरी चालते, लगाम ओढून चढू नका.

बसल्यावर पाठ सरळ, टाचा खाली, आणि रिकिबीत फक्त पंजा. पंजाच. हे मी प्रत्येकाला दोनदा सांगतो. माझ्या पहिल्या फेरीत मी चपला घालून गेलो होतो आणि पाय पार टाचेपर्यंत रिकिबीत गेला होता. रस्त्याकडेचा एक फ्लेक्स वाऱ्याने फडफडला, घोडी बुजली, मी उजवीकडे पडलो आणि पाय अडकला. दहा-बारा पावलं फरफटत गेलो. मामा समोरून दोन्ही हात पसरून उभे राहिले आणि ती थांबली. ती थांबली नसती तर हे लिहायला मी नसतो. तेव्हा बंद बूट, थोडी टाच असलेले. सँडल नको, चप्पल नको, जाड खाचांचे ट्रेकिंगचे बूटही नकोत, कारण ते रिकिबीत अडकतात.

लगामाचं असं, की करडू दोरीने घेऊन जाताना हाताला जेवढा ताण लागतो तेवढाच ठेवायचा. तोल गेला म्हणून लगामाला लोंबकळलात तर सगळं वजन घोड्याच्या तोंडातल्या लोखंडावर येतं आणि ते मान उडवतं नाहीतर मागच्या पायांवर उभं राहतं. आधार हवाच असेल तर आयाळ धरा नाहीतर खोगीराचा पुढचा भाग.

डोक्याला हेल्मेट. घोडेस्वारीचं मिळालं तर उत्तम, नसेल तर निदान हनुवटीला पट्टा बसणारं दुसरं चांगलं हेल्मेट. फेटे आमच्याकडेही असतात, ते शाळेत उतरल्यावर बांधतो. फोटो तिथेच छान येतात. घोड्यावर फेटा बांधून बसायचा हट्ट धरणाऱ्याला आम्ही नेत नाही, मग तो कुणाचा कोण का असेना.

रस्ता आधी पायी चालून या

सप्टेंबरमध्ये मराठवाड्यातली काळी जमीन म्हणजे डिंक. काळ्या रानात पाय रुतला की नाल उपसून निघते, आणि घाबरलेलं घोडं धडपडून पायाची शीरही दुखावून घेतं. म्हणून आठवडाभर आधी सगळा रस्ता पायी बघायचा. माळाचा मुरमाड रस्ता पसंत करा, जरा लांबचा पडला तरी. आमच्या बाजूला बालाघाटाचा माळ आहे म्हणून आम्हाला सोपं जातं. सखल भागातल्यांनी पांदण टाळून गाडीरस्ता धरावा.

रानडुकरांसाठी शेतकरी बांधावर झटका मशीनची तार लावतात. ती बारीक तार उभ्या सोयाबीनमध्ये दिसत नाही. घोड्याच्या गुडघ्याला लागली की ते उधळणारच. ज्याच्या बांधावरून जायचं त्या प्रत्येक शेतकऱ्याला भेटा, तार कुठे आहे विचारा आणि त्या पहाटे तासभर बंद ठेवायची विनंती करा. आजवर आम्हाला कुणी नाही म्हटलेलं नाही. त्याच वेळी फवारणी कधी केली तेही विचारून घ्या. घोडं चालता चालता कापसाला, सोयाबीनला तोंड मारतं. शेतकऱ्याचं नुकसान तर होतंच, वर औषध पोटात जातं. पिकाजवळून जाताना मान वर ठेवायची, हा नियम समजा.

ओढ्यात तळ दिसत नसेल किंवा पाणी घोड्याच्या गुडघ्याच्या वर असेल तर उतरायचं नाही. पुलावरून पाणी वाहत असेल तर पाणी वीतभर असलं तरी नाही. आपल्याकडे पाऊस नसतो आणि वरच्या अंगाला पडलेला असतो. अशा वेळी फेरी तिथूनच परत फिरवायची, हे आदल्या दिवशीच सगळ्यांना सांगून ठेवा, म्हणजे ओढ्याकाठी वाद होत नाहीत.

पोलीस ठाण्याला रस्ता, वेळ आणि घोड्यांची संख्या लिहून अर्ज द्या. वाटेतल्या गावांच्या सरपंचांना, शाळेच्या मुख्याध्यापकांना आणि गणेश मंडळांना स्वतः जाऊन भेटा. हे दिवस गणपतीचे असू शकतात. डीजे आणि फटाके घोडी जाईपर्यंत थांबवावेत एवढंच मागायचं. फोनवर होकार मिळतो आणि पहाटे पोरं विसरतात. समोर बसून चहा घेतलेला असला की विसरत नाहीत. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात घोडी आधी तपासून घ्या. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक १९६२ आहे. तो आणि रुग्णवाहिकेचा १०८, हे दोन्ही प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असू द्या.

१७ तारखेची पहाट

चारला उठा. घोड्याला चंदी, म्हणजे दाणा, निघायच्या दीड-दोन तास आधी द्यायची असते, ती मामा देतात, पण तुम्ही तिथे असलात तर खरारा करायला मिळतो. ब्रश फिरवता फिरवता एखादी गाठ, गोचीड, जखम हाताला लागते. घोडंही तेवढ्यात तुमचा वास ओळखून घेतं. पाच-दहा मिनिटांचं काम आहे, चुकवू नका.

सूर्योदय सव्वासहाच्या सुमारास असतो. अंधारात निघायचं नाही. झुंजुमुंजू झालं, जमीन दिसायला लागली की मांड ठोकायची.

सगळ्यात पुढे म्होरक्या, रस्ता माहीत असलेला, शांत घोड्यावर. सगळ्यात मागे दुसरा जाणता. नवखे मध्ये. लाथ मारणारं घोडं असेल तर त्याच्या शेपटीला लाल फडकं बांधून त्याला शेवटी ठेवा. दोन घोड्यांत एका घोड्याचं अंतर राहिलं पाहिजे. तुमच्या घोड्याच्या दोन कानांमधून पुढच्याचे मागचे खूर दिसत असतील तर अंतर बरोबर आहे, नुसता पुठ्ठा, म्हणजे मागचा भाग, दिसत असेल तर फार जवळ आलात.

सगळी फेरी चालीने. शर्यत नाही. कुणालाही घोडं भरधाव सोडायची मुभा नाही, दहा वर्षं घोडी पाळलेल्यालाही नाही, कारण एक पळालं की बाकीची मागे पळतात आणि त्यांच्या पाठीवर तुमच्यासारखी पहिल्यांदा बसलेली माणसं असतात. डांबरी रस्ता ओलांडताना दोन्ही बाजूंना झेंडी घेऊन माणूस उभा करायचा आणि सगळी घोडी एकदम काढायची. एकेक करून काढली तर मागे राहिलेलं बिथरतं.

वाटेत घोड्याच्या कानांकडे लक्ष असू द्या. पुढे टवकारलेले कान म्हणजे काहीतरी दिसलं आहे. एक इकडे, एक तिकडे हलत असेल तर सगळं ठीक. मागे चिकटलेले कान म्हणजे राग, शेजारच्यापासून दूर व्हा. बुजण्याच्या बेतात आहे असं वाटलं तर लगाम खेचून धरू नका. त्या वस्तूकडे त्याचं तोंड करा, बघू द्या, मानेवर हात फिरवा, बोलत राहा. प्लास्टिकची पिशवीसुद्धा त्याच्या दृष्टीने वाघ असतो.

तिरंगा नवख्याच्या हातात देत नाही. फडफडणाऱ्या कापडाला घोडं बुजतं, आणि झेंडा जमिनीला लागता कामा नये हा तर ध्वजसंहितेचाच नियम आहे. आमच्यात एकच झेंडा असतो. जी घोडी तो नेते तिच्याजवळ आधीचे पंधरा दिवस रोज काठीला साधं फडकं बांधून फडकवतो. या वर्षी तुम्ही फेरीत या. झेंडा घ्यायचा असेल तर पुढच्या वर्षी त्या घोडीबरोबर पंधरा दिवस काढा.

गावात शिरलं की पोरं धावत येतात आणि बायाबापड्या ओवाळायला ताट घेऊन दारात उभ्या असतात. हा सगळ्यात गोड आणि सगळ्यात धोक्याचा क्षण. निरांजन तोंडाजवळ आलं की घोडं मागे सरतं, आणि मागे पोरं असतात. म्हणून वेशीवरच सगळ्यांनी उतरायचं, गावातून लगाम धरून पायी जायचं. ओवाळून घ्यायचं ते जमिनीवर उभं राहून. एका आजीने मला ओवाळताना हात धरून सांगितलं होतं, “पहिले घोड्यावाले आले की आम्ही ज्वारीत लपायचो, बाबा.” त्या वेळी मी घोड्यावर बसलेलो नव्हतो याचं मला बरं वाटलं.

मायेपोटी लोक घोड्याला खायला घालतात. गुळाचा लहान खडा, तोही सपाट तळहातावर ठेवून, एवढं चालतं. महालक्ष्म्यांची उरलेली पुरणपोळी, भिजवलेली डाळ, ब्रेड, शिळी भाकरी यातलं काही नको. घोड्याला उलटी करता येत नाही, पोटात गेलं ते गेलं. पोटशूळाने घोडं काही तासांत जाऊ शकतं. नम्रपणे सांगा: “मावशी, त्याच्या वाटणीचं आम्हाला द्या.” सगळे हसतात आणि विषय संपतो. शाळेत झेंडावंदन झालं की आमच्याकडे सुशीला, म्हणजे फोडणीचे भिजवलेले मुरमुरे, आणि चहा असतो. त्या वेळात घोड्याचा तंग दोन भोकं सैल करा, सावलीत उभं करा, पाणी दाखवा. घोडं दिवसाला पंचवीस-तीस लिटर सहज पितं, पण एकदम नाही, थोडं थोडं पाजा. निघताना तंग पुन्हा आवळायला विसरू नका.

काही बिनसलं तर

घोडं वळून वळून पोटाकडे बघतंय, पुढच्या पायाने जमीन उकरतंय, लोळायला बसतंय, लीद टाकत नाही, अशी लक्षणं दिसली की लगेच उतरा, खोगीर काढा, खायला काही देऊ नका आणि १९६२ लावा. तोवर हळूहळू चालवत ठेवा, लोळू देऊ नका. घरगुती काढे पाजू नका. मान वर करून पाजलेलं श्वासनलिकेत जातं.

थांबून अर्धा तास झाला तरी नाकपुड्या फुलून धापा चालू असतील तर त्याची फेरी संपली. मान, छाती आणि पायांवर पाणी टाका, सावलीत ठेवा. परत न्यायला टेम्पो ठरवून ठेवलेला असतो, तो यासाठीच.

माणूस पडला तर सगळी घोडी जागेवर थांबली पाहिजेत. पळत जाऊन त्याला उठवून बसवू नका. मान, पाठ दुखते का विचारा, हातापायाची बोटं हलवायला सांगा. डोक्याला मार असेल तर तो कितीही “काही नाही झालं” म्हणाला तरी दवाखाना. सुटलेल्या घोड्यामागे धावायचं नाही. धावलात की ते आणखी पळतं. बाकीची उभी राहिली की ते आपणहून वळून येतं.

परत आल्यावर

शेवटचा एक किलोमीटर उतरून पायी या. खोगीर काढलं की पाठीवर हात फिरवा. ओली, गरम, सारखी लागली तर ठीक. एखादीच जागा फार गरम असेल, सुजली असेल किंवा मध्येच कोरडी राहिली असेल तर तिथे खोगीर टोचत होतं. मामांना लगेच दाखवा. खुरांत अडकलेले खडे काढा, पाय धुवा, नाल हलवून बघा. आधी पाणी आणि वैरण, चंदी तासाभराने. हे सगळं झाल्यावर तुमचं जेवण.

मामांचे पैसे त्याच दिवशी, ठरल्याप्रमाणे, हातात द्या. या चार महिन्यांत त्यांच्याकडे वरातीची कमाई नसते, दाणा-वैरण मात्र रोज लागते.

दुसऱ्या दिवशी मांड्या इतक्या धरतात की खाली बसवत नाही. तरी सकाळी एकदा जाऊन या, हिरव्या गवताची पेंढी घेऊन. घोडी कालच्यापेक्षा लवकर ओळखते. नाल सैल झालेली असेल तर चाचांना त्याच दिवशी बोलवा. तुळशीची लग्नं लागली की ही घोडी पुन्हा वरातीला जातील. तोवर आठवड्यातून दोन सकाळी, मामांना विचारून, अर्धा-अर्धा तास फिरवून आणा.